सतरा आकडी संख्येचे अवयव

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या आठवीच्या मुलांनी १२३४५६७८९८७६५४३२१ चे मूळ अवयव पाडायला घेतले आहेत. अंकांची बेरीज हातानं ८१ येते. सेतू केंद्रात एक्सेलमध्ये टाकली, तर तिथं दिसणाऱ्या अंकांची बेरीज ७८. मग ९ नं भाग जातो की नाही?
— एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : जातो. मुलांचं बरोबर आहे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं आणि पुढं शून्यं भरतं. तुमची संख्या तिथं १२३४५६७८९८७६५४३०० झाली; शेवटचे २ आणि १ गेले, बेरीज ३ नं घटली. एवढ्या मोठ्या संख्येला वही-पेनच बरं.

पण मुलांना ३, ७, ११ असं भागत बसू देऊ नका. ही संख्या पूर्ण वर्ग आहे : १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांचा. फळ्यावर गुणाकार मांडा. नऊ ओळी येतील, प्रत्येक ओळ एक घर डावीकडं. उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ, मग पुन्हा उतरण. हातचा कुठंच येत नाही, म्हणून आकडे इतके शिस्तीत बसतात.

आता फक्त वर्गमुळाचे अवयव पाडायचे. तीन-तीन अंकांचे गट करा : १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७.

खरी मेहनत ३३३६६७ मूळ आहे का, हे तपासण्यात आहे. वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढं, आणि ५७७ पर्यंत मूळ संख्या १०६. इतके भागाकार लागत नाहीत. ३३३६६७ नं ९९९९९९९९९ ला भाग जातो. म्हणून तिच्या कोणत्याही मूळ अवयवानं १ ला भागलं, तर दशांशातलं आवर्तन १, ३ किंवा ९ अंकी असणार. एक किंवा तीन अंकी आवर्तन फक्त ३ आणि ३७ चं, आणि त्या दोघांनी हिला भाग जात नाही. उरलं ९ अंकी. आवर्तनाच्या लांबीनं ‘मूळ संख्या वजा १’ ला नेहमी भाग जातो. अवयव विषम आहे, म्हणजे १८ नं भागून बाकी १ उरणाऱ्या मूळ संख्याच बघायच्या : १९, ७३, १०९, १२७ अशा ५७७ पर्यंत. ३७ वगळून सोळाच. १९ नं बाकी ८ उरते, ५७७ नं १६१. मधल्या मुलांना वाटून द्या. एकानंही नि:शेष भाग जात नाही, म्हणून ३३३६६७ मूळ.

सतरा आकडी संख्येत मग ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

प्रश्न : दहा एकांचा वर्गही असाच चढता-उतरता येतो का?
— एक वाचक, चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : नाही. मधल्या रकान्यात १० येतात आणि हातचा सुरू होतो. डावीकडचे ९ त्यामुळं १० होतात, त्यापुढचे ८ चे ९. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. दशमान पद्धतीत हा देखणा आकार नऊ एकांपर्यंतच टिकतो.