मोल कळत नाही म्हणून सायन्स सोडायचं?

अकरावीची पहिली चाचणी झाली की ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या मार्गदर्शन केंद्रात पालकांची ठरलेली तक्रार सुरू होते. दहावीला विज्ञानात छान मार्क होते, आता केमिस्ट्रीच्या पहिल्याच धड्यातलं 'मोल' हे एकक डोक्यावरून जातंय, कॉमर्सला बदलून घ्यावं का? असाच एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

कळव्याची मुलगी, आईबरोबर आलेली. "मॅडम, रात्री बारा-बारापर्यंत बसते, पण पेपर हातात आला की रडते," आई म्हणाली. मुलगी पुटपुटली, "माझं बेसिकच कच्चं आहे." हे वाक्य मुलं कुठूनतरी ऐकतात आणि स्वतःला चिकटवून घेतात. मी ते मान्य करत नाही. नेमकं काय कच्चं आहे, ते वहीत बघते.

वहीत सूत्रं चोख होती. चुका मात्र एकाच जातीच्या. ३२ ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे एक मोल, हे बरोबर. पण 'अणू किती?' याला उत्तर ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. तेवढे रेणू झाले. ऑक्सिजनच्या एका रेणूत दोन अणू, म्हणून अणू त्याच्या दुप्पट.

"मोल म्हणजे काय गं?"

"वजन."

"कशाचं?"

ती गप्प.

घोडं इथेच अडलं होतं. मोल म्हणजे कणांची ठरलेली संख्या. २०१९ पासून तर व्याख्याच तशी आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, इतके कण. त्याआधीची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ वर बेतलेली होती. जुन्या नोट्समध्ये अजून तीच असते, म्हणून मुलांच्या डोक्यात ग्रॅम पक्के बसतात. हार्डवेअरवाला खिळे मोजत बसत नाही, तोलून देतो. रसायनशास्त्रात ग्रॅमचं काम तेवढंच.

मी वजनकाटा काढला आणि तिलाच तोलायला लावलं. पाणी १८ ग्रॅम, मीठ ५८.५, साखर ३४२. पाणी वाटीच्या तळाशी राहिलं, साखरेला पातेलं आणावं लागलं. "तिन्ही एकेक मोल," मी म्हटलं. तिने साखरेतले १२ कार्बन, २२ हायड्रोजन, ११ ऑक्सिजन मांडून ३४२ येतात का ते स्वतः पडताळलं.

"म्हणजे कण तिन्हीकडे सारखेच?"

"कोणते कण?"

पाण्याचे रेणू, साखरेचे रेणू... मिठाशी अडखळली. मिठात सुटे रेणू नसतात. सोडियम-क्लोराइडच्या जोड्या धरायच्या. आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सुटे कण, मोजले तर दोन मोल.

"पण एवढी संख्या डोळ्यांसमोर आणायची कशी?" आईची शंका. आणायचीच नाही, ताई. ज्याच्या नावाने ही संख्या ओळखली जाते, त्या इटालियन शास्त्रज्ञ अॅव्होगाड्रोलाही हा आकडा ठाऊक नव्हता. १८११ मध्ये त्याने सांगितलं ते इतकंच, की सारख्या तापमानाला आणि दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणू सारखेच असतात. संख्येला त्याचं नाव फ्रेंच शास्त्रज्ञ पेरँने १९०९ मध्ये दिलं. एक मोल वायूचं आकारमान २२.४ लिटर की २२.७, हा घोळही त्यातूनच सुटतो: शून्य अंशाला, पहिला आकडा १ अॅटमॉस्फिअर दाबाचा, दुसरा १ बारचा, आणि दोन्ही फक्त वायूंसाठी.

तिला एकच काम दिलं. गणिताआधी एक ओळ लिहायची: मी कोणते कण मोजतेय? शाखेचा निर्णय तोवर लांबणीवर.

अकाउंट्सची खरी आवड असेल तर मी शाखा बदलायला आनंदाने मदत करते. या मुलीला ती नव्हती. पुढच्या चाचणीत मार्क थोडेच वाढले, पण अणू-रेणूंची चूक एकदाही झाली नाही. लिमिटिंग रिएजंट, म्हणजे अभिक्रियेत आधी संपणारा पदार्थ ओळखणं, अजून अडतं. त्यासाठी ती तास संपल्यावर सरांकडे थांबते.