परदेशी पेटंटच्या दाव्यांविषयी नवोदित सहकाऱ्यास

पेटंट हा प्रादेशिक हक्क आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. परंतु हक्क एका देशापुरता असला म्हणजे उल्लंघनाचा दावाही त्याच देशात चालेल, असे यापुढे गृहीत धरू नका. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०२५ रोजी बीएसएच विरुद्ध इलेक्ट्रोलक्स प्रकरणात दिलेला निकाल मुळातून वाचा, कारण त्याच्या सारांशांत नेमका महत्त्वाचा भेद पुष्कळदा गळून जातो. प्रतिवादी ज्या सदस्य-देशाचा रहिवासी आहे, तेथील न्यायालय इतर सदस्य-देशांनी दिलेल्या पेटंटच्या उल्लंघनाचा दावा ऐकू शकते, आणि बचावात पेटंटच्या वैधतेवर आक्षेप घेतला गेला तरी त्याचा हा अधिकार संपत नाही; वैधतेचा निर्णय मात्र पेटंट देणाऱ्या देशाकडेच राहतो. संघाबाहेरच्या देशाचे पेटंट असेल (या प्रकरणात तुर्कस्तानचे होते), तर तेच न्यायालय सामान्यतः वैधताही तपासू शकते, परंतु तो निष्कर्ष त्या पक्षकारांपुरताच असतो आणि त्यामुळे त्या देशाच्या नोंदवहीतील पेटंट रद्द होत नाही. माझ्या मते भारतीय निर्यातदारांच्या वकिलांनी हा भाग सर्वांत बारकाईने अभ्यासावा, कारण युरोपात नोंदलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध भारतीय पेटंटचा दावाही तेथे मांडता येण्याची शक्यता यातून निर्माण होते.

परदेशात पेटंटसाठी अर्ज करताना मात्र आपल्या भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३९ आधी पाहा: भारतातील रहिवाशाने पूर्वपरवानगी घ्यावी, किंवा भारतात अर्ज करून, मनाईचा आदेश नसल्यास, सहा आठवड्यांनंतरच परदेशात अर्ज करावा.