सजीवांच्या जाती नष्ट होतात तशा नव्याही निर्माण होतात, मग चिंता कशाला?

प्रश्नातले विधान बरोबर आहे. मात्र त्यात काळाचा हिशेब राहून गेला आहे. सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन युगाच्या अखेरीस, समुद्रातल्या बहुसंख्य जाती नामशेष झाल्या आणि जीवसृष्टीची घडी पुन्हा बसायला काही दशलक्ष वर्षे लागली. 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनासोर गेले (पक्षी हे त्यांचेच उरलेले वंशज) आणि मोकळ्या झालेल्या जागेत सस्तन प्राण्यांचा विस्तार झाला, तोही एका रात्रीत नव्हे.

गोव्यातलेच उदाहरण घ्या. सत्तरी तालुक्यातल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीच्या बुंध्याशी ओली माती उकरली, की कधीकधी वळ्यावळ्यांचा, बिनपायांचा, गुळगुळीत प्राणी हाती लागतो. लोक त्याला गांडूळ समजतात, पण त्याला जबडा आहे, कणा आहे. तो बेडकाचा दूरचा भाऊबंद, म्हणजे देवगांडूळ. त्यातल्या एका जातीला 2007 साली गेगेनिओफिस गोवाएन्सिस असे नाव मिळाले. या कुळातले त्याचे काही नातलग आज सेशेल्स बेटांवर राहतात, कारण ती बेटे आणि भारत एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते आणि साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विलग झाले.

एका ओढ्याकाठच्या मातीपुरती मर्यादित असलेली जात तो ओढा आटताच संपू शकते. तिच्या जागी कालांतराने दुसरी कोणती तरी जात येईलही. पण तीच जात पुन्हा कधीच निर्माण होत नाही.