‘आप जैसा कोई’ या रेकॉर्डवर नाहीच!

गेल्या अंकात एका उत्तरात ओघाओघात पाकिस्तानी गायिका नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’ या अल्बमचं नाव घेतलं आणि मग काय, बाकीचे सगळे प्रश्न राहिले बाजूला, हा पूर्ण ढीग नाझियाचाच आलाय. म्हणून यावेळी फक्त तेच. नावं छापू नका असं दोघांनी सांगितलंय, तर कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवतोय.

प्रश्न (सोलापूर): बाबांच्या कपाटात ‘डिस्को दीवाने’ची एलपी सापडली. आई म्हणते त्यात ‘आप जैसा कोई’ होतं, आम्ही त्याच्यावर नाचलोय. मी दोनदा पूर्ण ऐकली, त्यात ते गाणं नाहीये. रेकॉर्ड डुप्लिकेट आहे का?

नाही हो, रेकॉर्ड बरोबर आहे, आईची आठवणसुद्धा बरोबर आहे, फक्त दोन वेगळ्या रेकॉर्ड डोक्यात एक झाल्यात. ‘आप जैसा कोई’ १९८० च्या ‘कुर्बानी’मधलं. गंमत म्हणजे त्या पिक्चरची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची आणि हे एकच लंडनच्या संगीतकार बिद्दूचं, तिकडेच रेकॉर्ड करून आणलेलं, शब्द इंदीवर यांचे. ते इतकं चाललं की नाझियाला पंधराव्या वर्षी फिल्मफेअर मिळालं, आणि मग त्याच जोरावर १९८१ मध्ये ‘डिस्को दीवाने’ आला, तिचा आणि धाकटा भाऊ झोहेबचा, संगीत पुन्हा बिद्दू. यात पिक्चर नाही, हिरो नाही, काहीच नाही, नुसती गाणी.

आता यात काय मोठं असं कोणी म्हणेल, कारण पिक्चरशिवाय गाणी आपल्याकडे होतीच की, भावगीतांच्या रेकॉर्डी घराघरात होत्या, गझला होत्या, भजनं होती. पण ती सगळी बसून ऐकायची गाणी, आणि इथे एक शाळकरी पोरगी नाचायचं गाणं म्हणतेय आणि पडद्यावर ते कोण म्हणतंय हा प्रश्नच नाही, ती स्वतःच म्हणतेय. हे नवीन होतं.

आणि आई नाचली असेल ती बहुतेक गणपतीत. आमच्या गल्लीत ऑर्केस्ट्रा यायचा तेव्हा ‘आप जैसा कोई’ आणि ‘डिस्को दीवाने’ ही दोन्ही गाणी पाठोपाठ व्हायची, मध्ये दम खायलासुद्धा वेळ नाही, त्यामुळे ती एकाच रेकॉर्डवरची वाटणं साहजिक आहे. (जाता जाता, ‘बूम बूम’ पण यात शोधू नका, ते १९८२ च्या ‘स्टार’मधलं.)

प्रश्न (पुणे): आमच्या ग्रुपमध्ये वाद झाला. मी म्हणतो ‘डिस्को दीवाने’ हे ‘स्टुडंट ऑफ द इयर’चं गाणं आहे, एक काका म्हणाले तुझ्या जन्माआधीचं आहे. कोण बरोबर?

काका. २०१२ च्या पिक्चरमध्ये जुनं गाणं घेऊन त्यावर नवं बांधलंय, सुनिधी चौहान आणि बेनी दयालबरोबर नाझियाचा मूळ आवाज पण ठेवलाय. काकांना चहा पाजा.

प्रश्न (डोंबिवली): माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, गाण्याची खूप आवड, पण आवाज बारीक आणि थोडा नाकातला आहे. क्लासमध्ये तिला तोंडावर सांगितलं की या आवाजाचं काही होणार नाही, तेव्हापासून ती घरी पण गुणगुणत नाही. नाझियाचा आवाज पण मला असाच वाटतो. मग तिचं कसं झालं? तिने काही शिक्षण घेतलं होतं का?

ताई, या महिन्यातला हा सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून जरा लांबड लावतो.

तुमचा कान बरोबर आहे. नाझियाचा आवाज बारीकच होता, थोडा नाकातला, मोठा पल्ला नाही, ताना नाहीत, हरकती नाहीत. आपल्याकडे तेव्हा गाणारी बाई म्हटलं की लताबाई आणि आशाबाई हे माप, त्या मापाने मोजलं तर ही पोरगी पहिल्या फेरीतच बाद. पण बिद्दूने ते माप लावलंच नाही. त्याने काय केलं, तर तिला तीच ओळ परत गायला लावली आणि दोन्ही आवाज एकावर एक ठेवले. स्टुडिओत याला डबल ट्रॅकिंग म्हणतात. माणूस तीच ओळ दोनदा अगदी सेम गाऊच शकत नाही, कुठे सूर केसभर वर, कुठे शब्द जरासा उशिरा, आणि त्या बारीकशा फरकामुळे आवाज भरीव होतो, त्याला एक चमक येते. ‘आप जैसा कोई’ हेडफोन लावून ऐका, एकच मुलगी आहे पण जणू तिची सावली पण गातेय असं वाटतं.

हे जमायला सोय पण लागते. मुंबईत तेव्हा बऱ्याचदा वादक आणि गायक एकत्र उभे राहून एका दमात गाणं करायचे, आणि लंडनला चोवीस ट्रॅकची मशीन, म्हणजे एकाच रुंद टेपवर चोवीस वेगळ्या पट्ट्या, ड्रम एकीवर, बास एकीवर, आवाज दोन-तीन पट्ट्यांवर, नंतर बसून जुळवायचं. आता हे सगळं तुमच्या मोबाईलवर फुकट ॲपमध्ये आहे.

तर मुलीला घेऊन बसा आणि करून बघा. आधी एकदा गाऊन रेकॉर्ड करा, मग हेडफोन लावून ते ऐकत परत गायला सांगा. कॉपी-पेस्ट करू नका, त्याने नुसता आवाज मोठा होतो, भरीव होत नाही, गंमत सगळी दुसऱ्यांदा गाण्यातच आहे. दुसऱ्या वेळी ‘स’, ‘श’, ‘ट’ हलके म्हणायला सांगा नाहीतर डबल फुसफुस ऐकू येते, आणि दुसरा आवाज पहिल्यापेक्षा थोडा कमी ठेवा. बीटल्सच्या जॉन लेननला दोनदा गायचा इतका कंटाळा यायचा की १९६६ साली ॲबी रोडच्या इंजिनियरने मशीननेच ते करायची युक्ती काढली, तेव्हा मुलगी कंटाळली तर रागवू नका.

शिक्षणाचं म्हणाल तर शिकावंच, सूर पक्का नसेल तर दोन बेसूर आवाज एकावर एक ठेवून काय मिळणार. पण गाणं शिकणं वेगळं आणि आवाज बदलायला लावणं वेगळं. माझं स्पष्ट मत, क्लास बदला. ‘डिस्को दीवाने’ आज ऐकला तर त्यातला सिंथेसायझर जुना वाटतो, ताल जुना वाटतो, पण ती सोळा वर्षांची मुलगी सोळा वर्षांचीच वाटते, कारण तिला कुणी बाईसारखं गायला लावलं नाही.

प्रश्न (पणजी): बिद्दू हा इंग्रज होता का?

छे, बंगळूरचा. बिद्दू अप्पय्या, मूळचा कर्नाटकातल्या कोडगूचा (कुर्ग). बंगळूरला बँडमध्ये गायचा, साठच्या दशकात लंडन गाठलं. १९७४ चं ‘कुंग फू फायटिंग’ त्याने केलं, गायला कार्ल डग्लस. ते आधी रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायचं म्हणून घाईत उरकलेलं गाणं, आणि गाजलं तेच. आपल्याकडच्या पोरांना तो कळला तो १९९५ च्या गायिका अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’मुळे. म्हणजे चौदा वर्षांच्या अंतराने दोनदा त्याने पिक्चरशिवाय पॉप चालवून दाखवला.

प्रश्न (नागपूर): नाझिया पुढे का दिसली नाही?

१९८४ ला ‘यंग तरंग’, १९८७ ला ‘हॉटलाइन’, १९९२ ला ‘कॅमेरा कॅमेरा’, तो शेवटचा अल्बम. मधे पाकिस्तान टीव्हीवर दोघा भावंडांनी ‘म्युझिक ८९’ पण केलं. ती कायदा शिकली, संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं, गाणं हा तिचा पूर्णवेळ धंदा कधी नव्हताच. जन्म कराचीचा, ३ एप्रिल १९६५. १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. पस्तीस वर्षं फक्त.

प्रश्न (परत सोलापूर, त्याच पत्रात खाली): रेकॉर्ड विकली तर किती येतील?

भाव कव्हर आणि ओरखड्यांवर ठरतो, न बघता काय सांगणार. मुंबईतलं रेकॉर्डचं दुकान ऱ्हिदम हाऊस चालू असतं तर काळा घोड्याला जाऊन विचारा म्हटलं असतं, ते २०१६ ला बंद झालं. विकेपर्यंत रेकॉर्ड उभी ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका, उन्हाच्या खिडकीत तर अजिबात नको, वाकडी होते. आणि विकायच्या आधी आईला विचारलंत का?