एका प्लेटमधल्या तीन वेल

प्रिय मुली,

काल तू मोबाइल माझ्यापुढे धरून बसलीस आणि दोघींचा चहा गार झाला. तुझा एच-इंडेक्स, म्हणजे पेपर किती आणि त्यांचे उल्लेख किती यांचा मिळून काढलेला आकडा, 4, तुझ्या बॅचमधल्या त्या मुलाचा 11. शिवाय गाईड म्हणतात, या कामाचे तीन पेपर कर, मुलाखतीपर्यंत यादी भरलेली दिसेल. "मॅडम, काय करू?" असं विचारलंस आणि मी तुझ्यावर खेकसले. रात्री झोप लागेना, म्हणून हे लिहितेय.

लॅबमधल्या तुझ्या पहिल्याच आठवड्यात तुला सांगितलं होतं, एका प्लेटमधल्या तीन वेल, म्हणजे पेशी वाढवायचे तीन खळगे, हे तीन प्रयोग नव्हेत. तो एकच. वेगळ्या दिवशी गोठवलेल्या पेशींची नवी व्हायल, म्हणजे कुपी, काढली, पेशी पुन्हा वाढवल्या, आणि तरी तेच दिसलं, तर दोन म्हणायचं. तेव्हा मान डोलावली होतीस. मग एका शोधाचे तीन पेपर म्हणजे काय, हे मला कशाला विचारतेस? तीन वेलच त्या.

मी हे केलंय. 1998 साली मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींवरचं एक बऱ्यापैकी काम हातात होतं आणि बढतीची फाइल वर जायची होती. पेशींचा आकार एका पेपरात, पृष्ठभागावरची प्रथिनं दुसऱ्यात, हालचाल तिसऱ्यात. दोन पेपरांत कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीची, पट्टी एकाच ब्लॉटची (प्रथिनांच्या छापाची) होती आणि तसं मी कुठे लिहिलं नाही. तेव्हा कोण बघत होतं? जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीनंसुद्धा छापण्याआधी चित्रं तपासायला 2002 मध्ये सुरुवात केली. बढती मिळाली. आज त्या तिघांची मिळून 19 सायटेशन्स, म्हणजे पुढच्या पेपरांतले उल्लेख, आहेत, त्यातली 8 माझी मीच दिलेली. आकडा सोड. आकार बदलतो म्हणूनच हालचाल बदलते, हे त्या कामाचं खरं वाक्य तिन्हींत कुठेच नाही. ते लिहायला तिन्ही आकृत्या शेजारी हव्या होत्या. माझ्या हातून निसटलं ते हे.

आणि सायटेशन मोजतं तरी काय? लावरीचा प्रथिन मोजायच्या पद्धतीचा 1951 चा पेपर घे, तीन लाखांवर सायटेशन्स. ज्यानं ज्यानं त्या पद्धतीनं प्रथिन मोजलं, त्यानं त्याचं नाव लिहिलं. उलट ओसुमींनी यीस्टमधले ऑटोफॅजीचे (पेशी स्वतःचेच भाग पचवते त्या क्रियेचे) म्यूटंट छापले ते 1993 मध्ये, एफईबीएस लेटर्स या छोट्या पेपरांच्या जर्नलमध्ये. नोबेल मिळालं 2016 ला. हे उदाहरण मी इतक्यांदा देते की आमच्या घरी ते सगळ्यांना पाठ आहे. 'तू ओसुमींच्या आड लपतेस,' असं हे म्हणतात. लपत असेन.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात त्या आकड्यावरून, माणूस जोखू नका, हे जाहीरनाम्यात मांडायची सुरुवात 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाली, तीही पेशी-जीवशास्त्रज्ञांच्याच वार्षिक संमेलनात. मुलाखतीच्या टेबलापलीकडचे मात्र अजून आधी आकडाच वाचतात. मला माहीत नाही असं समजू नकोस. मीही त्या टेबलापलीकडे बसलेय आणि मीही वाचलाय.

नंतर एकदा प्रयोग पुन्हा करूनच छापायचा हट्ट केला, त्याचीही किंमत मोजली. पेपर तयार होता. नव्या व्हायलमधल्या पेशींत परिणाम दिसेना. होएक्स्ट हा डीएनएला चिकटणारा रंग लावून बघितलं तर जुन्या पेशींत केंद्रकाबाहेर निळे ठिपके. मायकोप्लाझ्मा, पेशींना लागलेले बारीक जिवाणू. सगळं ऑटोक्लेव्ह करून फेकलं, पुन्हा सुरुवात, चौदा महिने. परिणाम उरला, पण निम्मा. तोवर दुसऱ्या एका गटानं छापून टाकलं. आज लोक त्यांचा पेपर देतात, माझा नाही. मला वाईट वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते. वाटतं. पण त्या निम्म्या आकड्यावर मी आजही सही करीन, आणि त्या तीन पेपरांवर करणार नाही.

तुझी फेलोशिप मार्चला संपतेय, घरून फोन येताहेत, हे विसरले नाहीये. पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट 2022 मध्ये गेली, तेवढा तरी श्वास घे. पेपर एकच कर, तिन्ही भाग एकत्र. पुरा झाला की त्याच दिवशी बायोआर्काइव्हवर, छपाईआधीचे पेपर ठेवतात त्या साइटवर, टाक, म्हणजे आधी कोणी केलं हा वाद राहणार नाही. माझ्या वेळी ती सोय नव्हती. (असती तरी मी टाकला असता का, कोण जाणे.) गाईडशी भांडू नकोस. तिन्ही आकृत्या एका पानावर लाव, ते पान त्यांच्या टेबलावर ठेव आणि गप्प बस. ते वाईट गृहस्थ नाहीत, त्यांनाही फाइल वर पाठवायची असते.

एक राहिलं. तुझा तिसरा प्रयोग तू दुसऱ्या प्रयोगाच्याच प्लेटमधून काढलायस, असा मला काल संशय आला. तारखा एकच होत्या. पुण्याच्या एनसीसीएसमधल्या पेशींच्या पेढीतून नवी व्हायल मागव, पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या तो) वहीत लिही, आणि पुन्हा कर.

रविवारी ये. मोबाइल नको, वही आण. आणि जेवून येऊ नकोस.

— मॅडम