कायदा सल्ला : चेहरा खरा, फोटो बनावट

प्रश्न : माझ्या बहिणीच्या इन्स्टाग्रामवरच्या फोटोतला चेहरा घेऊन कुणीतरी अश्लील फोटो बनवून अनोळखी खात्यावरून टाकला. पोलीस ठाण्यात बदनामीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली आणि परत पाठवलं. पुढे काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : एनसीवर थांबू नका. बदनामी अदखलपात्र आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. नव्या अर्जात स्वच्छ लिहा : ‘संमती नसताना बनावट अश्लील फोटो तयार करून प्रसारित केला.’ मग माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ किंवा ६७-ए आणि लौकिकाला बाधा आणण्यासाठी केलेलं बनावटीकरण म्हणून भारतीय न्याय संहितेचं ३३६(४) लावता येतं. ही दखलपात्र आहेत. पैसे मागितले असतील तर खंडणीचं ३०८ही. अनेकजण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ईचा आग्रह धरतात, पण ते खऱ्या शरीराच्या चोरट्या चित्रणासाठी आहे. फक्त त्यावर विसंबलात तर आरोपीला पळवाट मिळते.

फोटो हटवण्याआधी पुरावा धरा. घाईत रिपोर्ट केल्यानं पोस्ट जाते आणि खात्याचा मागही जातो. पूर्ण लिंक, खात्याचं नाव, तारीख-वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. ती फाइल व्हॉट्सॲपवर फोटो किंवा व्हिडिओ म्हणून पाठवू नका. आकार कमी होतो, हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) बदलतो. डिजिटल पुराव्यासोबत कोर्टात द्यायच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३(४) च्या प्रमाणपत्रात हाच हॅश लिहावा लागतो. बहिणीचा मूळ फोटो आणि ज्या फोनवर रेकॉर्डिंग केलं तो फोन जपून ठेवा.

मग प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील ३(२)(ब) चा उल्लेख करून लिहा. बहिणीच्या वतीनं तुम्हीही लिहू शकता. हटवण्याची २४ तासांची मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये २ तासांवर आली आहे. दाद न मिळाल्यास ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जा.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर निनावी पर्याय टाळा, त्या तक्रारीचा मागोवा घेता येत नाही. ठाण्यानं पुन्हा नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालानं पाठवा, पोच ठेवा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची असेल तर? – एक पालक, नाशिक

उत्तर : मग फोटोची प्रत ठेवू नका, कुणालाही पाठवू नका; अल्पवयीन मुलीचा असा फोटो जवळ बाळगणंही गुन्ह्यात येऊ शकतं. लिंक आणि खात्याचं नाव कागदावर उतरवा, १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन करा. पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्यातील बाल-अश्लीलतेच्या व्याख्येत बदल करून बनवलेली प्रतिमाही येते, त्यामुळे ‘फोटो खरा नाही’ हे कारण ठाण्यात ऐकून घेऊ नका.