पहिल्या भेटीआधी

ताई, भाऊ आत गेल्यावर पहिले काही दिवस हातपाय गळून जातात, मी त्यातून गेलेय. अमेरिकेतल्या फेडरल तुरुंगात असंच उठून भेटायला जाता येत नाही. आधी त्यानं तुमचं नाव भेटीच्या यादीसाठी द्यायचं. मग तो फॉर्म पाठवेल, तो लगेच भरून धाडा. मंजुरी कळल्याशिवाय तिकीट काढू नका. कपड्यांचे नियम त्या तुरुंगाच्या वेबसाइटवर नीट वाचा. मी चार तास गाडी हाकून गेले आणि खाकी पँटमुळे दारातूनच परत आले. खाकी कैद्यांचा रंग. गाडीत रडले होते.

पत्र मात्र आजच लिहा. पाकिटावर भावाच्या नावाशेजारी त्याचा 8 आकडी रजिस्टर नंबर, म्हणजे कैदी क्रमांक, हवाच. आत नोटा घालू नका. पत्र उघडून तपासतात, त्यामुळे खटल्याबद्दल अक्षरही नको. घरचं लिहा: आईचे गुडघे, तुळशीला आलेल्या मंजिऱ्या, भाजी करपली तेसुद्धा. फोन 15 मिनिटांत तुटतो, पत्र उरतं. माझ्या भावानं सुटताना पत्रांचा गठ्ठा आणला. घड्यांवर कागद अगदी विरला होता.